क्लाइव्हची मऊ बस

आमच्या टेलर्स वेल गावात क्लाइव्ह पॅस्कोएवढा शिकलेला इंजिनियर दुसरा नाही, आणि हे त्याने कुणाला विसरूही दिलं नाही. आजाऱ्यांना पोर्ट ऑगस्टाच्या हॉस्पिटलात नेणारी बस त्यानेच बांधली. आधी ती कॉम्प्युटरवर पळवली: चाकं, स्प्रिंगा, सीट, सगळ्यांचं गणित मांडून बसणाऱ्याला किती हादरे बसतील ते काढलं. मग सीटांवर वाळूच्या गोण्या ठेवून खऱ्या रस्त्यावर पडताळलं. आकडे जुळले. त्या आनंदात, एरवी दमडीही न सोडणाऱ्या त्याने पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली, यावरून काय ते समजा. बस सुरू झाली, तो विचारी, "कशी आहे?" आणि आम्ही म्हणायचो, "छान."

त्याची मर्लमावशी खुब्याच्या ऑपरेशनला तयार नव्हती. आमचा रस्ता कच्चा, पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्यांचा. "येताना टाके उसवतील रे माझे," ती म्हणायची. क्लाइव्ह म्हणाला, "मावशी, माझ्या बसमध्ये तुला झोप लागेल. शब्द आहे माझा." त्या शब्दावर ती गेली.

ऑपरेशननंतर तिला आणायला तो स्वतः दुसऱ्याच्या गाडीने गेला आणि पहिल्यांदाच प्रवासी म्हणून आपल्या बसमधून परत निघाला. डोळे तपासून मीही परतत होते. चढताना प्रत्येकाच्या काखेत उशी.

"काय हे, मुक्कामाला निघालात की काय सगळे?" क्लाइव्ह हसला.

आम्ही उशा सीटवर अंथरल्या. घरच्या माणसाने केलेल्या वस्तूला नावं ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. करपलेला केकसुद्धा आम्ही 'मस्त झालाय' म्हणत गिळतो.

डांबर संपलं. आमची ड्रायव्हर नोरीन, तिने वेग तीस-पस्तीसवर आणला आणि बस थडथडायला लागली. दातावर दात आपटत होते. मर्लने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला, चेहरा पांढराफटक.

क्लाइव्ह धडपडत पुढे गेला. "अगं, ऐंशीने चालव ना! ऐंशीला चाकं वळ्यांवरून तरंगत जातात. सगळे तसेच जातात इथे!"

"तू जा ऐंशीने," नोरीन म्हणाली. "माझ्या मागे टाके घातलेली माणसं आहेत. कांगारू आडवा आला तर करकचून ब्रेक मारू? पहिल्या दिवसापासून मी अशीच चालवते."

तो तिथेच उभा राहिला. चाकांना थरथरण्याचा स्वतःचा ताल असतो आणि तीस-पस्तीसला वळ्यांचे धक्के नेमके त्याच तालात पडतात, हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. पण त्या वेगाने त्याने बस कधी पळवलीच नव्हती, ना कॉम्प्युटरवर ना रस्त्यावर. आमच्याकडे इतक्या हळू जातं कोण, असं धरून चालला. आजाऱ्यांची बस बांधली आणि आजारी माणसाला कुणी कसं नेईल, एवढं विचारायचं राहिलं! मला त्याची कीव आली नाही, रागच आला.

मागे येऊन तो मावशीशेजारी बसला. कान लाल, मान खाली. तिचा हात धरायचा धीरही त्याला होईना.

"मावशी, मला फार लाज वाटते गं."

"कशाची? नीट बस. पडशील."

आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत राहिलो. तेवढंच आमच्या हातात होतं.

गावात शेजारीपाजारी जमले होते. कुणी तरी विचारलं, प्रवास कसा झाला? "पाळण्यात बसल्यासारखा," मर्ल म्हणाली. "आमच्या क्लाइव्हची बस आहे ती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धरणीने पोटात घ्यावं असं त्याचं तोंड झालं होतं.

त्याने तिला धरून घराच्या पायऱ्या चढवल्या. तिची बॅग घेऊन मी मागेच होते. ती त्याच्या कानाशी लागली, तरी मला ऐकू आलं.

"पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी परत बोलावलंय. तू फोन करून सांगून टाक, मावशी येणार नाही म्हणून. आणि हे बघ, बसचं नाव काढू नकोस हं. म्हण, म्हातारी हट्टी आहे."