नाहिदचं जमाईगाणं

नांदेडकडच्या गोरेगावात नाहिदबद्दल दोन गैरसमज पक्के बसलेत, आणि दोन्ही तिच्या नवऱ्याची, शाकीरची कृपा. बायको गोव्यात जाझ गायची, असं तो सांगत सुटला. लोकांनी ऐकलं जहाज. अजूनही बाजारात एखादी बाई तिला थांबवून विचारते, पाण्यात मळमळत न्हवतं का गं तुला? दुसरा गैरसमज कॅबरेचा. हा शब्द मोहल्ल्यात काढायचा म्हणजे तोंड दाखवायची चोरी. मग शाकीरनं बेधडक सांगून टाकलं की कॅबरे म्हणजे फ्रान्सची कव्वाली. कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

खरं ते असं. शाकीर लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा. गोव्याच्या एका हॉटेलात त्याला वाजवायचं काम लागलं, सोबत नाहिदला चादरी धुवायचं. हॉटेलची मालकीण ओदेत नावाची फ्रेंच म्हातारी, संध्याकाळी गिऱ्हाइकांपुढं स्वतःच गायची. चादरी वाळत घालताना नाहिद गुणगुणत होती ते तिनं ऐकलं, आणि समोर बसवून शिकवायलाच घेतलं. एकेका शब्दाचा अर्थ सांगून. पुढं कित्येक हंगाम नाहिदनं तिथं कॅबरेतली जुनी फ्रेंच गाणी गायली, जाझ गायलं, पण गायलं आपल्याच ढंगानं. म्हातारी जिथं सरळ खाली यायची तिथं ही मुरकी घ्यायची, आणि ठेका सगळा ढोलकीचा. म्हातारीला त्याचा राग नव्हता, उलट कौतुक. मग ती वारली, हॉटेल विकलं गेलं आणि नवराबायको गावी परतले.

इथं आले ते लग्नात गायला लागले. आणि इथली माणसं म्हणजे, आता काय सांगावं. नाहिदनं फ्रेंच गाणं धरलं की अख्खा मांडव जेवायला उठायचा. एका आचाऱ्यानं तर तिला प्रेमानं सांगितलं होतं, "ताई, पुऱ्या तळून झाल्या की मी हात हलवतो. तुमी मंग ते विलायती सुरू करा."

नाहिदला ते फार लागायचं. गोव्यात परकी माणसं गाणं ऐकून डोळे पुसायची, आणि आपल्या माणसांना त्यात भूक ऐकू येते. आपल्यातल्या एका तरी माणसाला एक तरी गाणं कळावं, एवढीच तिची इच्छा. पण शाकीर आता कंटाळला होता.

"आज तांड्यावर गाऊन पाहा," तो म्हणाला. "आज बी लोक उठले तर बस. उद्यापासून पिक्चरची गाणी. कबूल?"

नाहिद कबूल म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

लग्न होतं बंजारा तांड्यावरच्या रतनसिंगच्या लेकीचं, दिपाचं. जावई भीमसिंग वारंगा फाट्याचा, टायरच्या दुकानाचा मालक. तांड्यावर मांडव भरलेला. शेवटचंच गायचं तर जिवाजवळचं गाऊ, म्हणून नाहिदनं नेमकं सगळ्यात दुःखी गाणं काढलं. एक बाई निघून चाललेल्या माणसाला सांगते, जा, पण हे दार आता कधीच उघडणार नाही. कधीच नाही याला फ्रेंचमधे म्हणतात झामे. ते झामे ओळीओळीला येतं. लग्नात म्हणायचं गाणं आहे का हे? पण अर्थ कळणार कुणाला, असं ती धरून चालली.

पहिल्या झामेला रतनसिंगनं कानामागं हात धरला. दुसऱ्याला त्याचा चेहरा फुलला. तिसऱ्याला तो फेटा सावरत उभाच राहिला.

"अरे, जमाई म्हणून राहिली ती," तो मांडवाला म्हणाला. "आपल्या जमाईचं गाणं हाय."

झालं. म्हातारेकोतारे उठून नाचायला लागले. भीमसिंगला धरून मधे ओढलं, तो लाजून चूर. आचारी झारा घेऊन मांडवाच्या तोंडाशी येऊन पाहून गेला, पुऱ्या गार होऊन राहिल्या आणि पंगतीला एक माणूस नाही. गाणं संपलं की पुन्हा, संपलं की पुन्हा. नवरदेवाचा बाप रामप्रसाद स्टेजपाशी आला आणि थोडा रुसूनच बोलला, "जमाईचं झालं. आता व्याह्याचं बी एखादं होऊ द्या."

शाकीर कसला गप्प बसतो. त्यानं माईक ओढला. "जमाईबापूंसाठी ही पेशकश खास फ्रान्सवरून मागवलेली हाय," त्यानं ठोकून दिलं.

नाहिदनं त्याला स्टेजमागं नेलं.

"मी कधीच न्हाई म्हणून राहिले," ती म्हणाली. "नवरदेवाला तोंडावर सांगून राहिले, परत येऊ नको. आन तुमी त्याला नाचवून राहिले."

"तुझा अर्थ कोण विचारून राहिलंय? एक तरी माणूस उठून गेला का जेवायला?"

खरं होतं ते, म्हणूनच नाहिदला रडू फुटलं. उठून जात होते तेच बरं, तिला वाटलं, कळलं असं तरी म्हणत नव्हते. शाकीर क्लॅरनेट पुसत बसला.

तेवढ्यात तिथं रूपाबाई आली, नवरीची आई. पदरानं डोळे पुसतच आली.

"बाई, गाणं जमाईचं न्हाई ते," ती म्हणाली.

नाहिदनं झटकन विचारलं, "कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगायला काहून पाहिजे? जमाईच्या गाण्याला असा गळा लागत न्हाई. ढावलो हाय हे."

ढावलो म्हणजे तांड्यातल्या नवरीनं सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून गायचं रडगाणं. दिपा नांदेडला नर्सिंग शिकलेली, तिला ते येत नव्हतं. रूपाबाईनं शिकवून पाहिलं, तर पोरगी हसत सुटायची.

"बाप्या लोकांला नाचू दे," रूपाबाई म्हणाली. "पाठवणीला माझ्या पोरीजवळ उभी राहून तू हेच म्हण."

पाठवणीला गाडी सजवून उभी होती, दिपा मैत्रिणींसोबत फोटो काढण्यात गुंग. नाहिदनं माईकशिवाय सुरू केलं. रतनसिंगचे हात सवयीनं नाचायला वर गेले, त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि मुकाट्यानं खाली घेतले. पुढच्या झामेला दिपाच्या हातातला फोन मैत्रिणीकडं गेला आणि तिनं आईच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की भीमसिंगचेही डोळे भरून आले. शाकीरच्या क्लॅरनेटचा सूर चुकला, बिचाऱ्याला दिसत नव्हतं नीट.

गाडी फाट्याच्या वाटेला लागल्यावर रूपाबाईनं विचारलं, "जमाई म्हणतेस तिथं खरं काय हाय गं?"

"कधीच न्हाई, असं हाय," नाहिद म्हणाली.

"मंग बराबर हाय," रूपाबाई म्हणाली. "दिवाळीला येईल की पोरगी. पण ती पाव्हणी येईल. आज गेली ती काय परत येत न्हाई."