जावेच्या शेजारची लेन

घोरावाडी स्टेशनाजवळ एकाच घरात वर-खाली दोन जावा राहतात. खाली थोरली राजेश्वरी, वर धाकटी प्रेरणा. दोघींचं भांडण कधी कुणी ऐकलेलं नाही, कारण भांडायचं तर तोंड उघडावं लागतं. राजेश्वरी नुसती बघते. वरच्या गॅलरीत प्रेरणाचा पोहण्याचा नवा पोशाख वाळत पडला की खाली हिची भाकरी करपलीच म्हणून समजा.

राजेश्वरीचं माहेर वराळ्याचं. तिथल्या मळ्यातल्या विहिरीत चुलत्यानं पाठीला सुका भोपळा बांधून तिला ढकललं, आणि चार दिवसांत भोपळा काठावर, पोरगी पाण्यात. प्रेरणा बँकेतली. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं, म्हणून तळेगावच्या तलावावर फी भरून, टोपी-चष्मा घालून शिकली. आणि गेल्या वर्षी लोणावळ्याच्या प्रौढांच्या स्पर्धेतून पदक कुणी आणावं? प्रेरणानं!

"आमी विहिरीतलं शेवाळ खात पवलो, आन् पदक हिला," राजेश्वरी नवऱ्याला म्हणाली.

नवरा महिपती, कंपनीतून निवृत्त झालेला गरीब माणूस. सहज बोलून गेला, "मग तू बी पव की." त्या दिवसापासून रोज सकाळी तो तळेगावच्या तलावाच्या काठावर मोबाइलचं घड्याळ लावून उभा. नातेवाइकांना सांगायचा, बायकोची कंबर दुखते म्हणून येतो.

आता त्या स्पर्धेची रीत ऐका. पोहणाऱ्यानं आपली वेळ आपणच आधी सांगायची. जवळजवळच्या वेळेच्या बायका एका हीटमध्ये, म्हणजे एका फेरीत, आणि प्रत्येक हीटमध्ये पहिली येणारीला पदक. म्हणजे हळू पोहणाऱ्यांनाही संधी. कुणी सांगितल्यापेक्षा फारच लवकर आली, तर पंच बोलावून एवढंच विचारतात, "आपली वेळ माहीत होती का?" नाही म्हटलं की पदक तिचं; हो म्हटलं तर दुसरी आलेलीचं. पुढे चौकशी नाही. माणसाच्या शब्दावर सगळं.

नाव द्यायच्या दिवशी राजेश्वरीनं महिपतीला प्रेरणाची गेल्या वर्षीची वेळ आपली म्हणून सांगायला लावली. ती तिला तोंडपाठ होती.

"आगं, पण तू तर तिच्या लय पुढं हाईस," महिपती म्हणाला.

"म्हणून तर! खरी सांगितली तर मला वरच्या हीटमध्ये टाकतील. मला तिच्या शेजारच्या लेनमध्ये पवायचंय. समद्या भावकीसमोर."

भावकी आली. भुशीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टचा तलाव, काठावर छत्र्या, वडापाव, गार वारा. पंच गौरव सरांनी भोंग्यावर पहिल्या हीटची नावं, सांगितलेल्या वेळांसकट, पुकारली. राजेश्वरी लेनपाशी उभी राहिली आणि शेजारी बघते तर चिमाबाई! सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका. टोपीत केस कोंबत होत्या.

प्रेरणा मागे बाकावर टॉवेल पांघरून बसली होती.

"आगं, तू हितं न्हाईस?"

"नाही हो ताई, मी पुढच्या हीटला. वर्षभर सराव केला ना, वेळ सुधारली. ती खरी होती तशी सांगितली." मग गोड हसून म्हणाली, "तुमची वेळ ऐकली मी. माझी गेल्या वर्षीची होती अगदी तीच! सेकंदसुद्धा इकडचा तिकडे नाही. काय गंमत ना?"

जावेची वेळ वर्षभर जागची हलणार नाही, असं राजेश्वरी धरूनच चालली होती. पंगतीला बसावं आणि समोरचं ताट कुणी उचलून न्यावं, तसा तिचा चेहरा झाला.

शिट्टी झाली. मनातला सगळा जाळ हातापायांत उतरला. राजेश्वरी पलीकडे जाऊन परत आली, तेव्हा बाकीच्या अजून येत होत्या. चिमाबाई दुसऱ्या. पुढच्या हीटमध्ये प्रेरणा तिसरी आली. भोंग्यावर दोघींच्या वेळा पुकारल्या. राजेश्वरीची वेळ प्रेरणापेक्षा कितीतरी चांगली. भावकीनं टाळ्या पिटल्या.

मग गौरव सरांनी बोलावलं. "काकू, सांगितल्यापेक्षा फार लवकर आलात. विचारणं भाग आहे. आपली वेळ माहीत होती का?"

लांबून महिपती 'नाही म्हण' असं मान हलवून हलवून खुणावत होता. राजेश्वरीनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात प्रेरणा पुढे आली.

"अहो सर, ताईंना कुठून माहीत असणार? विहिरीतलं पोहणं ते. घड्याळ कधी लावलंय? आज चुकून लागली वेळ. पुन्हा काही लागायची नाही."

ती जावेला वाचवत होती की टोचत होती, यावर घोरावाडीत अजून दोन तट आहेत. राजेश्वरीला मात्र एकच शब्द ऐकू आला.

"चुकून? आगं, रोज याच वेळेत पवते मी! ह्यांना इचार, घड्याळ घेऊन काठावर उभे असत्यात."

महिपतीनं टॉवेल डोक्यावरून घेतला.

"म्हणजे काकू, माहीत होती?" गौरव सरांनी हळूच विचारलं.

"व्हय, म्हाईत व्हती! हिच्यापेक्षा चांगली हाय, हे बी म्हाईत व्हतं!"

पदक चिमाबाईंच्या गळ्यात पडलं. आयुष्यातलं पहिलं. त्यांनी दोघी जावांना जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "बायांनो, तुमचं असंच चालू राहू द्या. माझं बरं होतंय."

परत येताना महिपती गाडी चालवत होता. पुढे राजेश्वरी, मागे प्रेरणा. कामशेत मागे पडलं. मग राजेश्वरीनं मान न वळवता विचारलं, "तुझी येळ किती लागली म्हनालीस?"

"पुकारली की भोंग्यावर. ऐकलीत ना ताई?"

"ऐकली. तुझ्या तोंडून ऐकायचीय."