सरळ वाचा, भावोजी

मी कोणाच्या घरी गेलो की लोक हातातला मोबाइल पालथा ठेवतात. मी तो बघणार आणि काहीतरी बोलणार, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. देवरूखच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचा सहायक म्हणून मी नोकरी करतो, आणि लागल्या दिवसापासून माझं एकच तुणतुणं चालू आहे: ज्या वस्तूचं झाकण तुम्हाला उघडता येत नाही, ती वस्तू तुमची नाही. बॅटरी चिकटवून टाकलेला फोन तुमचा नाही. दुसऱ्या कंपनीची शाई घातली की संपावर जाणारा प्रिंटर तुमचा नाही. तुम्ही काय बघता ते कंपनीला कळवणारा टीव्ही तर तुमचा नाहीच, उलट तुम्हीच त्याचे. माझा स्वतःचा लॅपटॉप इतका जुना आहे की त्याच्या बिजागरीला मी हाताने कापलेली पत्र्याची पट्टी लावली आहे. त्याच्यावर लिनक्स चालतं, म्हणजे जिचा कोड कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा अशी मुक्त प्रणाली. जुनं चालत असताना नवीन यंत्र घेणं मला चैन वाटते. बायको म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याचा सोर्स कोड मागाल." मागेन. का मागू नये?

हे सगळं थट्टामस्करीत चाललं होतं, तोपर्यंत ठीक होतं. मग भावोजींचा आवाज जायची वेळ आली.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजगृहात गेली, जमिनीच्या पोटात, टर्बाइनच्या घरघरीत. तिथे साधं बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे वरच्या पट्टीत बोलायची सवय लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. अलोऱ्याच्या घराच्या पडवीतून त्यांनी ताईला हाक मारली की शेजारीण ओ द्यायची. गेल्या वर्षी तो आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं. कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, ऑपरेशन बारा दिवसांनी. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

भाची मुंबईहून रजा टाकून आली, आणि येताना उपाय घेऊनच आली. तिच्या मोबाइलात एक ॲप होतं. "मामा, बाबांनी फक्त वीस मिनिटं वाचायचं. मग ते टाइप करतील आणि फोन त्यांच्या आवाजात बोलेल. मराठीपण येतं त्याला."

मी तिचा फोन घेतला आणि अटी वाचायला बसलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. ताईने दिलेला चहा निवून गेला तरी मी वाचतच होतो. शेवटी सापडायचं ते सापडलं: दिलेल्या आवाजावर कंपनीचा हक्क, जगभर, कायमचा, परत न घेता येणारा. मी फोन खाली ठेवला. "हे चालणार नाही. आवाज म्हणजे माणसाचा अंगठा आहे. उद्या ह्याच आवाजात कोणी ताईला फोन करून फसवलं तर कोणाला धरणार आहात?"

"मामा, बाबांच्याकडे बारा दिवस आहेत आणि तू अटी वाचतोयस?"

आमचा आवाज चढायला लागला तशी ताई मध्ये पडली. तिने मला विचारलं, "तुला करता येतं ना ह्ये? तुज्या त्या फुकटच्यातला?"

"फुकट नव्हे, मुक्त," मी सवयीने म्हणालो.

"काय असंल ता. येतं का?"

"येतं."

"मग तूच कर. पन ह्यांचा आवाज मला घरात पायजे. बाकी मला काय कळत नाय."

येतं, असं मी छातीठोक सांगितलं तेव्हा ते मी एकदाही केलेलं नव्हतं. फक्त वाचलं होतं. आमच्यासारख्यांची ही जुनी खोड आहे. एखादी गोष्ट करता येण्यासारखी आहे असं कळलं की ती आपल्याला येते असंच आम्ही धरून चालतो.

पहिले दोन दिवस माइकनेच खाल्ले. लॅपटॉप त्याला ओळखेना, ओळखलं तर मागे सतत सूंऽऽ ऐकू येई. भावोजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून समोर खुर्चीत बसलेले, आणि मी टेबलाखाली वायर कुरवाळतोय. भाची दारात उभी राहून बघायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला आणि सुरुवात झाली.

वाचायला काय द्यायचं हे मी आधीच ठरवलं होतं. मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर ठेवलेली मराठी वाक्यांची एक यादी होती, भाषेतले सगळे ध्वनी येतील अशी कोणीतरी खपून जमवलेली. हजार वाक्यं. "मंत्रिमंडळाच्या बैठकीत विविध विषयांवर चर्चा झाली." "शेतकऱ्यांनी बियाण्यांची उगवणक्षमता तपासून घ्यावी." "राज्याच्या उत्तर भागात तापमानात घट होण्याची शक्यता आहे."

भावोजींनी पहिलं वाक्य वाचलं ते आपल्या पद्धतीने. 'बैठकीत'वर लांबण लावली आणि 'चर्चा झाली' असं काही म्हटलं की त्यात त्या मंत्रिमंडळाची लायकीच निघाली. भाची फिस्सकन हसली. मला हसू आलं नाही.

"सरळ वाचा, भावोजी. हेल काढू नका."

"अरे, असा कोन बोलतो? मानूस का रेडिओ?"

"मशीनला तसंच लागतं. वर-खाली झालं की शिकताना ते गोंधळतं."

हे अर्धंच खरं होतं. शक्यतो एका पट्टीत वाचावं, एवढंच त्या सॉफ्टवेअरच्या सूचनांत लिहिलं होतं. मी त्याची पोथी केली. भावोजींनी आयुष्यभर पॅनेलवरचे काटे बघून तासातासाला नोंदी केल्या होत्या. त्यांच्या लेखी सूचना म्हणजे सूचना. एक वाक्य चार-चार वेळा वाचायला लावलं तरी ते कुरकुरले नाहीत. चौथ्या दिवशी हेल कमी झाला, पाचव्या दिवशी गेला. मला भारी आनंद झाला.

वाक्यांच्या मध्ये ते काय काय बोलत असत. पाणी पिताना मंत्र्याला शिवी देत. स्वयंपाकघराकडे मान वळवून, फाटक्या आवाजात का होईना, ताईवर ओरडत, तिचं काहीतरी उत्तर येई, त्यावर पुन्हा ह्यांचं काहीतरी. एकदा दोघांत आमटीवरून चांगली पाच मिनिटं जुंपली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. आवाज खर्च होतोय, नको तिथे खर्च होतोय, एवढंच माझ्या डोक्यात. दुपार टळली की मी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चालवायचो. तो दिवसभराच्या रेकॉर्डिंगमधून नेमकी वाक्यं कापून घ्यायचा आणि बाकीचं सगळं, खोकला, पाणी, बडबड, बाजूला टाकायचा. लॅपटॉपची डिस्क जुनी, जागा कमी. बाजूला पडलेलं मी पुसून टाकायचो. स्वच्छ काम झाल्याचं समाधान वाटायचं.

नवव्या दिवशी आवाज फारच खाली गेला. दिवसाला जेमतेम अर्धा तास निघायचा. भाची माझ्यापाशी आली, आणि ह्या वेळी ती भांडली नाही. हात जोडायचीच बाकी होती. "मामा, तुझं चालू दे. पण आज फक्त वीस मिनिटं माझ्या फोनवर वाचू दे त्यांना. दोन्हीकडे राहील."

"माझी तीनशे वाक्यं राहिलीत. उरलेला आवाज दोन्हीकडे वाटला तर दोन्ही अर्धवट."

आम्ही दोघांनी भावोजींकडे पाहिलं. ते बराच वेळ लेकीकडे बघत होते. मग म्हणाले, "त्याचा काम आर्ध्यावर नको. त्यानं सांगितलान ता पुरा करू."

भाची तोंड फिरवून पडवीत गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं.

अकराव्या दिवशी नऊशेच्या वर वाक्यं झाली आणि आवाज संपला. शेवटचं वाक्य होतं, "अधिक माहितीसाठी तालुका कार्यालयाशी संपर्क साधावा." ते त्यांनी अगदी सरळ वाचलं, आणि हाताने पुरे अशी खूण केली.

ऑपरेशन नीट झालं. भावोजी घरी आले ते गळ्याला जाळीचं फडकं आणि हातात पाटी घेऊन. कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी प्रयोगशाळेतली यंत्रं परवानगीने वापरली, मशीनला त्यांच्या आवाजात बोलायला शिकवत बसलो. कधी नुसती घरघर यायची, कधी एखादं अक्षर गिळलं जायचं. जमत नाही म्हणून दोनदा रडकुंडीला आलो. आणि एका दुपारी लॅपटॉप बोलला, तो भावोजींच्या घशातून बोलला. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो आवाज दुसऱ्या एका जुन्या लॅपटॉपवर चढवून, तो त्यांच्यासाठी घेऊन मी अलोऱ्याला गेलो. भाचीही आली होती. भावोजींनी दोन बोटांनी टाइप केलं, आणि बटण दाबलं.

"मला पाणी हवे आहे."

स्वयंपाकघरात काहीतरी खणखणलं. "आले हां!" म्हणत ताई ओल्या हातांनी धावत बाहेर आली, दारात थांबली आणि लॅपटॉपकडे बघत उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून रडली. भावोजींचेही डोळे भरले. भाचीकडे बघावं, बघ म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

मग भावोजींनी आपल्या बोलीत लिहिलं, "गो, हय ये जरा." मशीनने ते अडखळत, तुकडे करून म्हटलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी पुस्तकी भाषेत लिहिलं, "जरा इकडे ये." ते मात्र खणखणीत आलं.

चार दिवस ताई काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "रागवू नको हां. आवाज ह्यांचाच हाय. पन घरात दिवसभर बातम्या लावल्यागत वाटतं. ह्ये नुसता 'नाय' बोलायचे ना, तर मला कळायचा, खरंच नको, का आग्रव कर, का गप बस. आता सगला एकच." तीच पुढे म्हणाली, "ता मशीन राहूंदे. मधी मधी माज्याशी बोलायचे ना वाचताना, माज्यावर वरडायचे, ता असंल तुज्याकडं. ता माज्या मोबाइलात घालून दे."

मी बघतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पुसलेलं परत मिळवायची साधनं असतात, मुक्तच असतात, मी ती मुलांना शिकवतो. तीन दिवस माझ्या लॅपटॉपची ती डिस्क खरवडली. पुसलेल्या जागेवर मीच मशीनचे नवनवे प्रयोग साठवले होते. हाती लागले ते मंत्रिमंडळाचे आणि बियाण्यांचे तुकडे. दुसरीकडे कुठे काही असेल म्हणून नातेवाइकांकडे विचारलं. भावोजींनी कधी कोणाला आवाजी निरोप पाठवला नव्हता. त्यांची बहुतेक माणसं हाकेच्या टप्प्यात होती, आणि मुंबईच्या लेकीला ते थेट फोन लावत. लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड.

त्या ॲपच्या अटी मी पुन्हा वाचल्या. त्या वाईटच आहेत, माझं मत बदललेलं नाही. त्या फोननेही त्यांना रेडिओ केलं असतं का, ते मला माहीत नाही. कळायला वीस मिनिटं द्यायला हवी होती, आणि ती मी दिली नाहीत. हेल मात्र कुठल्या कंपनीने काढून घेतला नव्हता. समोर बसून, एकेक वाक्य परत वाचायला लावून, तो मी काढला होता. आणि उरलेला माझ्याच प्रोग्रामने कापून टाकला होता.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी अलोऱ्याला गेलो आणि पडवीत दोघांच्या समोर बसून सगळं सांगितलं: कापलं, पुसलं, परत मिळत नाही. ताई ऐकत राहिली. "बरा," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

भावोजींनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. दोन बोटांनी बराच वेळ टाइप करत होते. आधी आपल्या बोलीत लिहिलेलं मला तिरकं दिसलं. ते त्यांनी एकेक अक्षर करून खोडलं, मशीनला जमणार नाही म्हणून, आणि पुन्हा लिहिलं. बटण दाबलं.

"तुझी काही चूक नाही."

एकाही शब्दावर वर-खाली न होता, स्पष्ट. रागाने म्हणाले, थकून म्हणाले, की मायेने, काही कळेना. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते लॅपटॉपकडे कान करून बसले होते, मशीनने नीट म्हटलं की नाही ते ऐकत.