चुकीच्या उत्तरांच्या बाई

बरोबर उत्तर काय, कोणीही लिहील. चुकीचं उत्तर लिहावं ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनीच! हे मी पैजेवर सांगतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत जेवढ्या शाळा आणि जेवढे क्लास असतील, तिथल्या सगळ्या प्रश्नपत्रिका तराजूच्या एका पारड्यात टाका आणि बाईंचा एकच बहुपर्यायी प्रश्न दुसऱ्या पारड्यात टाका. बाईंचं पारडं जमिनीला टेकेल. चार पर्यायांतला बरोबर पर्याय त्या जेवता जेवता लिहून टाकत. उरलेल्या तिघांपायी मात्र तीन-तीन दिवस त्यांचा जीव खालीवर होई. "चुकीचा पर्याय अर्धवट समजलेल्या पोराला खरा वाटला पाहिजे हो," त्या म्हणत, "नाहीतर तीन दगड आणि एक लाडू मांडून 'लाडू ओळखा' असं विचारल्यासारखं होतं!"

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. बाई स्टाफरूममध्ये कुणालाही नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "अहो मराठी, जरा इकडे या," म्हणाल्या की मी जायचो. "अहो इतिहास, तुमच्या नवव्या प्रश्नातला तिसरा पर्याय मेला हो!" असं त्या इतक्या हळहळून सांगत, की इतिहासाचे सर क्षणभर घरचंच कुणी गेल्यासारखा चेहरा करत. मेला म्हणजे काय, तर एकाही मुलाने तो निवडला नाही. एकही पोर ज्याला फसलं नाही, त्या पर्यायाने जगून करायचं काय, असा त्यांचा रोकडा सवाल असे. हे पर्याय त्या मनाने रचत नसत. मुलांच्या वह्यांमधल्या अस्सल चुका एका निळ्या रजिस्टरात उतरवून ठेवत, आणि त्यातूनच निवडत. 'झाडे रात्री झोपतात म्हणून ऑक्सिजन देत नाहीत' हे वाक्य सापडलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले होते. ज्या पोराने ते लिहिलं होतं त्याला दोन मिळाले.

'वरीलपैकी सर्व' हा पर्याय दिसला की त्यांचं डोकं फिरे. ज्याला तिसरी चूक सुचत नाही त्याने प्रश्न काढू नये, कारकुनी करावी, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या मुख्याध्यापकांच्या तोंडावर सांगत. पण त्यांचा खरा पराक्रम संस्कृतच्या पेपरचा. एकदा त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, की आपले पेपर असे निघतात की विषय न शिकता पास होता येतं. संस्कृतचे सर चिडले. "घ्या मग, सोडवा!" म्हणून त्यांनी चाळीस प्रश्नांचा नववीचा पेपर पुढे सरकवला. बाईंचं संस्कृत 'शुभं करोति'पाशी सुरू होऊन तिथेच संपतं. त्यांनी चष्मा पुसला, पंधरा मिनिटं पेन्सिल चालवली आणि चाळीसपैकी तेहतीस मिळवले! वर्गात दुसऱ्या आल्या असत्या. "सोप्पं आहे," त्या म्हणाल्या, "सरांचं बरोबर उत्तर नेहमी सगळ्यांत लांब असतं. दोन पर्याय जुळ्या भावांसारखे दिसले तर त्यातलाच एक खरा. आणि काहीच कळलं नाही तर 'क'. सरांचा 'क'वर फार जीव आहे." संस्कृतचे सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी नवा पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, छापायच्या आधी जरा बघता का?"

स्वतःच्या पेपरात असं होऊ नये म्हणून उत्तर कुठल्या अक्षरावर ठेवायचं हे त्या सापशिडीच्या फाशाने ठरवत. एक ते चार पडलं तर अ, ब, क, ड; पाच-सहा पडले तर पुन्हा फासा. बाजारातही हाच खाक्या. दिवाळे गावात मासळी घ्यायला गेल्या की 'कोळंबी ताजी आहे का' असं विचारणं त्यांना मंजूर नव्हतं, कारण त्याला सगळ्या जणी 'हो'च म्हणतात. त्या विचारत, "आज सकाळची, काल संध्याकाळची की बर्फातली?" एकदा एक मासेवाली वैतागून म्हणाली, "बाय, तुला मावरा घेवाचा हाय का माजी परीक्षा घेवाची हाय?" बाईंनी हसत हसत दोन वाटे जास्त घेतले.

अशा या बाईंच्या हातून एकदा चूक झाली, आणि अशी झाली की तिने शाळा हलवली. सातवीच्या मुलांसाठी दर शनिवारी शाळेत विज्ञानाचा जादा वर्ग सुरू व्हायचा होता, मोफत. प्रयोगशाळेत स्टुलं वीस, म्हणून मुलंही वीसच घ्यायची. एकशे दहा मुलं परीक्षेला बसली, पन्नास प्रश्नांचा पेपर अर्थातच बाईंनी काढला, निकाल लागला आणि वीस जणांची यादी फळ्यावर झळकली. यादी लागली की इतरांचं काम संपे, बाईंचं सुरू होई. सगळ्यांत हुशार तीस मुलांचा एक गठ्ठा, सगळ्यांत कच्च्या तिसांचा दुसरा, आणि प्रत्येक प्रश्नाला कुठल्या गठ्ठ्याने काय निवडलं याची मोजदाद. मी शेजारी निबंध तपासत होतो. एकदम बाई ताडकन उठल्या. "मराठी, एकतिसावा बघा! हुशार गठ्ठ्यातली सात पोरं चुकलीत, आणि सातही जण 'ब'वरच चुकलीत. एवढी हुशार पोरं एका तालावर चुकत नसतात हो!"

एकतिसावा प्रश्न असा होता: सकाळी खाडीकिनाऱ्यावर वारा कुठून कुठे वाहतो? बाईंच्या लेखी उत्तर 'अ', खाडीकडून जमिनीकडे; 'ब' होतं जमिनीकडून खाडीकडे. पुस्तकात खारे वारे दिवसा वाहतात असं दिलंय. चित्र डोळ्यांपुढे यावं म्हणून बाईंनी 'दिवसा'च्या जागी 'सकाळी' घातलं होतं. ती सात मुलं कोण, तर सगळी करावे आणि दिवाळे या खाडीकाठच्या गावांतली. त्यांतली सानिका नावाची दिवाळ्याची मुलगी बाविसावी आली होती, एका मार्काने हुकलेली. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत गाठलं. पोर घाबरून भिंतीला चिकटली.

"'ब' का लिहिलंस गं?"

"बाई, सकाली तं मतलयच असते," ती पुटपुटली, "जमिनीकरून येते ती. बाबा तिच्यावरच होरी बाहेर काढतात. खारा वारा जेवनाच्या टायमाला सुटतो."

 बाईंनी कपाळावर हात मारला आणि इतक्या वर्षांची पुस्तकी भाषा एका झटक्यात गळून पडली. "अगं बाय माजे! मी करावेची पोर, माज्या आज्याची होरी व्हती, आनी मना दिसला नाय?"

त्या तशाच मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या, मागोमाग मी. सर म्हणाले, "बाई, यादी लागली, पालकांना मेसेज गेले. एका मार्काचं कसलं टेन्शन घेता? सगळ्यांना एकेक मार्क देऊन टाका, विषय संपला."

"सगळ्यांना एकेक दिला तर अख्खी रांग एक पायरी वर चढेल, सर. बाविसावी बाविसावीच राहील. 'ब' लिहिणाऱ्यांना मार्क द्यावा लागेल आणि 'अ' लिहिणाऱ्यांचा काढावा लागेल. पेपर पुन्हा तपासायचे."

"एकशे दहा?"

"एकशे दहा!"

आमच्या शाळेत तपासायचं मशीन नव्हतं. बाईंनी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडली होती. तो पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे. त्यांनी एकतिसाव्याच्या 'अ'वर चिकटपट्टी मारली आणि 'ब'ला नवं भोक पाडलं. मग काय विचारता! इतिहास आला, भूगोल आला, संस्कृतसुद्धा बाह्या सरसावून आलं. कोणी पेपर सरकवतोय, कोणी पुठ्ठा धरतोय, कोणी मोठ्याने मोजतोय. बेचाळीस! एकोणचाळीस! परत मोज, परत मोज! सानिकाचा पेपर आला तेव्हा भूगोलाने तो तीनदा मोजला. शाळा सुटायच्या घंटेला नवी यादी तयार झाली. सानिका सतरावी! करावेचा एक मुलगाही वर आला, आणि जुन्या यादीतली दोन मुलं खाली गेली.

आता पेच पडला. त्या दोघांच्या घरी आनंद साजरा होऊन गेला होता. "त्यांना काढायचं नाही," बाई म्हणाल्या, "चूक माझी, शिक्षा त्यांना कशाला?"

"पण स्टुलं वीसच आहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

"एकविसावं माझं घ्या, मी उभ्याने शिकवेन. आणि मराठी, तुमची खुर्ची द्या."

मी दिली. न देऊन सांगतो कोणाला?

दुसऱ्या दिवशी परिपाठाला बाई माइकपुढे उभ्या राहिल्या. "प्रश्न एकतीस. उत्तर 'ब'. चूक माझी होती. सात मुलांनी ती मला दाखवली," एवढंच म्हणाल्या. मागच्या रांगेतून एक चिरका आवाज आला, "बाई, मग तुमचा एक मार्क कापनार?"

"कापला!" बाई म्हणाल्या. अख्खं मैदान हसलं, टाळ्या वाजल्या, आणि सानिका मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिली. पण तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि नाशिकला मुलीकडे राहायला गेल्या. आता आमच्या परीक्षा टॅबवर होतात. प्रश्न बाहेरून तयार येतात, छान असतात, मी उगाच नावं ठेवत नाही. मुलांनी शेवटचं बटण दाबलं की चहा निवायच्या आत निकाल पडद्यावर येतो, टक्क्यांसकट, रंगीत. कोणी आरडाओरडा करत नाही, कोणाची खुर्ची जात नाही. आम्ही तो निकाल बघतो, चहा संपवतो. मग इतिहास माझ्याकडे बघतो, मी संस्कृतकडे बघतो, आणि शाळा सुटायला अजून बराच वेळ असतो.