रशीदभाईंची तरंगती वीट

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला लेकीकडे होतो, आणि खरं सांगतो, आधी फोन करणाऱ्यालाच झापलं. भूकंपानंतर भिंतींच्या भीतीनं अख्खं लातूर उघड्यावर झोपायचं, तेव्हा हा माणूस नुसत्या गप्पांनी भुईचे हादरे थोपवायचा! त्याला मरण कसलं गाठतंय... पण गाठलं. चाळिसाव्या दिवसाची फातेहाही झाली.

रशीदभाई इतिहासाचे मास्तर. वेड एकच : लातूरजवळचं तेर, म्हणजे जुनं तगर. "दर्यावर्दी ग्रीक लिहितो, तगरचं कापड झकास. आलता का? न्हाई! कोकणातले राजे ताम्रपटात सोताला तगरचे धनी म्हणवतात. राहत होते का? न्हाई! संतांना तिथं कुंभाराचं मडकं दिसलं, इंग्रज साहेबाला मातीचं टेकाड. अरे मियाँ, ज्यानं त्यानं आपल्या गरजेचं तगर लिहिलं!" भूकंपानंतर बाहेरचे लोक 'लातूर संपलं' असं लिहून गेले, तेव्हा मात्र ते भयंकर चिडले. "तगरलाबी असंच कागदावर मारलंय. तिथला बाजार भरून राहिलाय की अजून!"

मग लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासेसचं पीक आलं. गल्लीत पोरं एवढी, की माशीला उडायला रांग लावावी लागे. रिटायर झालेल्या रशीदभाईंना एकच हवं होतं... दर रविवारी तासभर हॉल, तगर सांगायला. क्लासचे मालक माने सर, फिजिक्सवाले, मिशीला पीळ देत म्हणाले, "चाचा, याला मार्क न्हाईत. एक रविवार घ्या. बेल झाल्यावर पोरं बसून राहिली तर दर रविवारी हॉल तुमचा, वर मिशी उतरवतो. उठली, तर परत हॉल मागायचा न्हाई."

रशीदभाई आले ते भरलेली बादली घेऊन. म्हणजे उचलली मी. वजन हत्तीच्या पिलाएवढं. पिशवीतून त्यांनी जुनी वीट काढली, तेरच्या एका शेतकऱ्याला बांधावर सापडलेली.

"बोला डाक्टरलोक, बुडंल का तरंगंल?"

"बुडंल!" हॉल गरजला. माने सर सगळ्यांत मोठ्यानं.

टाकली... आणि वीट बदकासारखी वर! पोरं बाकांवर चढली. "मातीत भुसा घालून भाजलीय," रशीदभाई म्हणाले, "भुसा जळला, हवा राहिली. आता ऐका, हिच्या गावाबद्दल कोन कोन काय लिहून गेलं."

बेल झाली. कुणी हललं नाही. बेल वाजवणारा शिपाईसुद्धा दारात बसला. शेवटी रेणापूरच्या एका मुलीनं विचारलं, "चाचा, आपल्या लातूरबद्दल कोन लिहील?"

"जो हितं राहून राहिलाय, त्यो. तू लिही की, बेटा!"

सोमवारी सफाचट माने सरांना त्यांच्याच वॉचमननं गेटवर अडवलं.

परवाच्या रविवारी हॉलवर गेलो. मानेंची मिशी परत आलीय, पांढरी. बादली तेच भरतात. तास आता ती रेणापूरची मुलगी घेते. डॉक्टर झालीय, दवाखाना सांभाळून येते. तास सुरू व्हायच्या आधी मी बाही सावरली आणि वीट तळाशी दाबून धरली. उगीचच. धरूनच राहिलो...

"सोडा की काका," ती हळूच म्हणाली.

सोडली. आली वर!