थंड्या मिस्त्रीचा डोस

थंड्या मिस्त्रीला हे नाव काही स्वभावावरून पडलं नव्हतं; स्वभावाने माणूस निखारा. पण कितीही तापलेलं इंजिन त्याच्या दारात आलं की निवून जायचं. त्याचा सगळा भरवसा एका बाटलीवर. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, मिसळायचं औषध होतं ते. त्याला तो ‘डोस’ म्हणे. बाटलीवर स्पष्ट छापलेलं असायचं, आधी जुनं पाणी काढा, रेडिएटर धुवा, मगच ओता. पण धुवायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. डॉक्टर काय पेशंटला आंघोळ घालून गोळी देतो का, असं म्हणून तो जुन्या पाण्यावरच डोस ओतायचा. गिऱ्हाइकंही हसायची. पचलं तोवर पचलं.

तसाच डोस त्याने थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या टेम्पोत ओतला. भावोजी जन्मभर त्या टेम्पोतून कपाटं-पलंग पोचवत आलेले. कधी आरशाला ओरखडा पडू दिला नाही. आणि थोड्याच दिवसांत टेम्पो चढावर वाफा सोडत बसला तो बसलाच. इंजिन जाम. भावोजींनी सगळा दोष स्वतःवर घेतला. तापमानाचा काटा वर चढताना दिसला नाही म्हणजे नजर गेली, वय झालं, आता स्टिअरिंग सोडलेलं बरं. टेम्पो विकायचं ठरलं. घेणारा संध्याकाळी येणार होता.

दुपारी मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं, तर जेलीसारखा चिकट गाळ वर आला. जुनं कूलंट आणि डोस यांचं जमलं नव्हतं. दोन्ही गोठून नळ्या बुजल्या होत्या.

“काही सापडलं का रे?” भावोजींनी विचारलं.

“काही नाही,” म्हणत त्याने बोट विजारीला पुसलं आणि झाकण लावून टाकलं.

मग तो जेवायला बसला. ताई वाढता वाढता नवऱ्याला टोमणे मारत होती, की आता तुम्हाला हातगाडीच घेऊन देते, तिला काटाच नसतो. भावोजी मान खाली घालून हसले. ते हसणं मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं.

“ताई, त्यांना बोलू नकोस. गाडी मी मारली,” तो म्हणाला, आणि डोसाची सगळी कहाणी ओकून मोकळा झाला.

ताईच्या हातातला डाव हवेतच राहिला. मिस्त्री आता गालावर पडेल ती खायच्या तयारीने बसला होता.

“म्हणजे माझी नजर शाबूत आहे?” भावोजींनी विचारलं. “मी चालवू शकतो अजून?”

रागाचा एक शब्द नाही. चपराक परवडली असती.

घेणाऱ्याला परत पाठवलं. मिस्त्रीने इंजिन खोलून बांधलं, आणि रेडिएटर नितळ पाणी येईस्तोवर धुतला. तेव्हापासून दारात येणारी प्रत्येक गाडी तो आधी धुतो. घाईचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर जाऊ देतो. टेम्पोही झकास पळतो. पण कधी शेजारी बसायची वेळ आली की त्याला दिसतं, पूर्वी गाणं गुणगुणत चालवणारे भावोजी आता गप्प असतात आणि दर वळणाला काट्याकडे बघतात. काटा जागच्या जागी असतो. मिस्त्री मात्र खिडकीबाहेर तोंड करून बसतो.