अंगठ्याचा खड्डा

ती बाई आठवली की अजून माझा अंगठा गार पडतो. वावर गावात कुपोषणानं पोरं गेल्याला फार वर्षं झाली नव्हती. मी खोडाळ्याच्या बाजारात खुरासणीच्या तेलाचे नमुने घ्यायला गेलो होतो, ते कसं खवट होतं हे तपासायला. प्रयोगशाळेत माझा विषय पेशींचा. पेशीतले काही स्निग्ध पदार्थ धोक्याचा निरोप देतात, आणि तो मिळाला की पेशी स्वतःची चरबी खवटू देत नाही.

तेल विकणारी ती बाई प्रत्येक बाटलीतलं थेंबभर तेल मनगटावर चोळून हुंगायची. खवट निघालं तर दिव्यासाठी बाजूला.

"तेल बिघडलं त नाकाला समजतं, सायेब," ती म्हणाली. मग मांडीवरची नात कौतुकानं पुढे केली. "पोर बघा कशी भरलीय!"

मी त्या गुबगुबीत पावलावर अंगठा दाबला. उचलल्यावरही खड्डा भरून आला नाही.

"आजी, ही कुपोषणाची सूज आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

मोखाड्याच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये ती वाकून ते पाऊल हुंगत राहिली.

"वास त नाय येत, सायेब," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "वास त नाय येत."